माशाची आतडी आणि चौथं वर्ष

आमच्या इमारतीतले लोक अजून मला त्यांचे रक्ततपासणीचे रिपोर्ट दाखवायला आणतात. बायोकेमिस्ट्रीची प्राध्यापिका म्हणजे कोलेस्टेरॉल कळणारी बाई, अशी दादरच्या आमच्या गल्लीत माझी ख्याती आहे. मीही चष्मा लावून आकडे वाचते, "तूप कमी करा" म्हणते आणि त्यांना समाधानाने घरी पाठवते. पण माझं खरं काम ते नव्हतं. परळच्या एका महाविद्यालयात निवृत्त होईपर्यंत मी मुलांना सजीवांच्या आत चालणारं रसायनशास्त्र शिकवलं. भात चघळत राहिलं की गोड का लागतो, कापलेलं वांगं काळं का पडतं, दूध का नासतं. या सगळ्यामागे एन्झाइम असतात. पाठ्यपुस्तकात त्यांना विकर म्हणतात. वर्गात मी तो शब्द उच्चारला की मागच्या बाकावर खसखस पिकायची, म्हणून सोडून दिला. एन्झाइम म्हणजे शरीरातला कामगार, एवढं समजलं तरी पुढचं सगळं कळेल. कुणी पिठूळ पदार्थ तोडतो, कुणी चरबी, कुणी प्रोटीन. प्रत्येकाचं काम ठरलेलं आणि प्रत्येकाच्या आवडीनिवडीही ठरलेल्या. जास्त गरम झालं की बहुतेकांचं काम थांबतं.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगते, जी पालकसभेत कुणी सांगत नाही. तीन वर्षांच्या बीएस्सीत मुलं जे प्रयोग करतात त्यांची उत्तरं आम्हाला आधीच ठाऊक असतात. मुलांनाही असतात, कारण ती मागच्या तुकडीकडून येतात. उत्तर जुळलं नाही तर मूल निमूटपणे जुळवून लिहितं आणि शिक्षक निमूटपणे सही करतो. यात कुणी फार मोठा गुन्हा करतं असं मला वाटत नाही. हात बसायला हे प्रयोग लागतातच. पण त्याला संशोधन म्हणता येत नाही.

मग नवं शैक्षणिक धोरण आलं आणि पदवीला चौथं वर्ष जोडलं गेलं. ज्याला हवं त्याने तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडावं. ज्याला चांगले गुण आहेत आणि हौस आहे त्याने एक वर्ष थांबून संशोधन करावं. एक मार्गदर्शक, एक प्रश्न, शेवटी प्रबंध आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर तोंडी परीक्षा. आमच्या स्टाफरूममध्ये यावर बरीच चर्चा झाली. जागा कुठे आहे, रसायनं कोण देणार, आधीच तासिका काय कमी आहेत. सगळे मुद्दे बरोबर होते. तरी मार्गदर्शक कोण होणार असं विचारल्यावर मी पहिला हात वर केला. माझ्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. इतकी वर्षं उत्तर माहीत असलेले प्रश्न शिकवून मला कंटाळा आला होता, हे त्याचं खरं कारण.

पहिल्या तुकडीत माझ्या वाट्याला दोघं आली. ओंकार सावंत डिलाईल रोडचा. घरचे मूळ मालवणकडचे, म्हणून त्याने कोकमाचा रंग निवडला आणि वर्षभर स्वतःचा एप्रन, माझ्या दोन साड्या आणि प्रयोगशाळेची एक भिंत रंगवली. दुसरी हर्षदा नाखवा, वरळी कोळीवाड्यातली. तीन वर्षं ती माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसली होती आणि फारशी कधी बोलली नव्हती. विषय ठरवायला आली तेव्हा मात्र उभ्या उभ्याच सुरू झाली.

"मॅडम, मला माशांच्या आतड्यांवर काम करायचंय."

मी गिरगावातल्या अशा घरात वाढले जिथे अंड्याचा उल्लेखही हळू आवाजात होत असे. मी तिला बसायला सांगितलं.

"आमच्याकडे रोज टोपल्या भरून आतडी फेकतात," ती म्हणाली. "मोठा मासा लहान मासा खातो. तो पचवायला प्रोटीन कापणारं एन्झाइम त्याच्या आतड्यात भरपूर असणार. ते बाहेर काढता आलं तर कपड्यांच्या पावडरीत घालता येईल. रक्ताचे, अंड्याचे डाग प्रोटीनचेच असतात ना?"

"असंच एन्झाइम कच्च्या पपईत असतं," मी म्हटलं. "स्वच्छ काम आहे. वास नाही."

"पपईवर सगळ्यांनीच केलंय, मॅडम."

मी होकार दिला. तेव्हा तिने अडचणही स्वतःच सांगितली: पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बोटी नारळी पौर्णिमेनंतर सुटतात, तोपर्यंत ताजा माल मिळणार नाही.

"मग तोपर्यंत हात कशावर बसवशील?"

ती ओशाळून हसली. "पपईवर," म्हणाली.

बोटी सुटल्यावर मी एकदा कोळीवाड्यात गेले. माल कुठून, कसा येतो हे मार्गदर्शकाने स्वतः पाहावं असं माझं मत आहे. हर्षदाची आई, चंद्राताई, दारापुढच्या पडवीत विळीवर सुरमई साफ करत होत्या. वडील बोटीवर गेले होते. मला खुर्ची मिळाली, चहा मिळाला, आणि मग सरळ प्रश्न आला.

"ही घाण तुमाला कशाला पायजे वो मॅडम?"

"त्यातून काही कामाचं निघतंय का ते बघायचंय."

"आनि नाय निघालं तर?"

"तर निघत नाही हे कळेल."

चंद्राताईंनी विळीवरचा हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. "तीन वर्सात डिग्री मिलते ना तिला? तिच्या मावशीची पोरगी ब्यांकेत लागली. ही अजून एक वर्स मासेच कापनार, ते बी कालेजात जाऊन."

"आई," हर्षदा म्हणाली.

"मी नको नाय म्हनत. एक वर्स दिलं तुला. पन मग काय ते दाखव आमाला."

हर्षदाने मान हलवली. परत निघताना ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. तिचं ते मान हलवणं मला नंतर बरेचदा आठवलं.

मग सुरू झालं ते खरं काम, आणि खरं काम म्हणजे बहुतांशी न जमणं. ती सकाळी बर्फात ठेवलेला स्टीलचा डबा घेऊन बसने परळला यायची. एकदा कंडक्टरने नाकाला रुमाल लावून विचारलं, डब्यात काय आहे. "प्रोजेक्ट," ती म्हणाली, आणि तो पुढच्या माणसाला तिकीट द्यायला निघून गेला. आतडी थंड पाण्यात वाटायची, यंत्रात गरगर फिरवून गाळ खाली बसवायचा, वरचं पाणी घ्यायचं. त्या पाण्यात एन्झाइम आहे का हे पाहायची आमची पद्धत अगदी साधी आहे. दुधाची खरवसासारखी पांढरी, घट्ट वडी बशीत थापायची, तिला छोटं भोक पाडून त्यात पाण्याचे थेंब सोडायचे. एन्झाइम असेल तर ते दुधातलं प्रोटीन कापतं आणि भोकाभोवती काचेसारखं पारदर्शक कडं उमटतं. जेवढं कडं मोठं तेवढा कामगार दमदार.

हर्षदाची कडी उमटेनात. उमटली तर सकाळी उमटायची आणि दुपारी त्याच बाटलीतल्या पाण्याची उमटत नसत.

"मॅडम, सकाळी असतं आणि दुपारी गायब होतं. कुठे जातं?"

"कुठे जाईल, विचार कर. एन्झाइम स्वतः कशाचं बनलंय?"

तिने कपाळावर हात मारला. प्रोटीन कापणारं एन्झाइम स्वतःही प्रोटीनच असतं. बाटलीत दुसरं काही खायला मिळालं नाही की ते एकमेकांनाच कापत सुटतात. यावर उपाय म्हणजे सगळं थंड ठेवायचं आणि घाई करायची. पुढचे कित्येक दिवस ती बर्फाच्या टबात हात घालून काम करत होती. बोटं लाल व्हायची. शेजारच्या टेबलावर ओंकार कोकम उकळत असायचा, तो तिला मधूनमधून बोटं शेकायला बोलवायचा आणि वर म्हणायचा, "माझा विषय गरम, तुझा गार, मॅडमनी बघून दिलाय."

दिवाळीच्या सुट्टीआधी तिने बराच माल आणला. डीप फ्रीझर सगळ्यांच्या सामानाने भरलेला होता, त्यामुळे तिचे डबे साध्या फ्रिजमध्ये बर्फाशेजारी राहिले. सुट्टी संपल्यावर तिने त्याच आतड्यांचं पाणी काढलं आणि बशीत थेंब सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी केबिनचं दार उघडतेय तोच ती बशी हातात धरून उभी होती. कडी एकमेकांत मिसळली होती. बशीत पांढरं असं जवळजवळ काही उरलंच नव्हतं.

त्यानंतरचे दोन महिने आमच्या विभागाचं वातावरणच बदललं. ते एन्झाइम नुसतं दमदार नव्हतं, ते गरम पाण्यातही टिकत होतं. हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात ठेवून काढलं तरी काम करत होतं. साबणाच्या पाण्यातही करत होतं. हर्षदाने जुन्या चादरीचे तुकडे अंड्याने माखून वाळवले आणि धुऊन दाखवले. तुकडा कुठे माखला होता हे ओंकारला शोधून सापडलं नाही.

मला आनंद झाला होता, आणि एक गोष्ट खटकतही होती. समुद्र काही उकळत नाही. गार पाण्यात राहणाऱ्या माशाचं एन्झाइम इतकं उष्णतेला पुरून का उरावं? निसर्ग गरजेपेक्षा टिकाऊ वस्तू सहसा बनवत नाही. मी हे तिला सांगितलं.

"मी परत करून बघितलं, मॅडम. येतंय."

"आणखी कर."

तिने आणखी केलं. येत होतं. तोवर तिची एक पद्धत बसून गेली होती: शनिवारी माल आणायचा, फ्रिजमध्ये ठेवायचा आणि पुढच्या आठवड्यात सवडीने काम करायचं. पुन्हा पुन्हा तेच उत्तर येणं ही आमच्या धंद्यात फार मोठी गोष्ट असते. त्यामुळे मीही शंका बाजूला टाकली नाही, पण जरा मागे ठेवून दिली आणि तिला पुढे जाऊ दिलं.

ही बातमी प्राचार्यांपर्यंत पोचली. ते स्वतः प्रयोगशाळेत आले, चादरीचा तुकडा उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "दामले मॅडम, हे बाहेर जायला पाहिजे." आंतरमहाविद्यालयीन संशोधन स्पर्धेला हर्षदाचं नाव गेलं. पहिली फेरी तिने सहज पार केली. अंतिम फेरीला साबण बनवणाऱ्या एका कंपनीतले गृहस्थ परीक्षक म्हणून येणार होते, असं कळलं. महाविद्यालयाच्या दारावर हर्षदाचा फोटो असलेला फलक लागला: माशांच्या टाकाऊ भागातून नवं एन्झाइम. कोळीवाड्यातली निम्मी माणसं परळला काही ना काही कामासाठी येतात, त्यामुळे फलक लागल्याचं चंद्राताईंना हर्षदाआधी कळलं. त्यांनी बक्षीस समारंभासाठी नवी साडी काढून ठेवली, असं हर्षदा हसत सांगत होती.

अंतिम फेरी तोंडावर आली तेव्हा आकडे पक्के करायला तिने सगळं एकदा शेवटचं करायचं ठरवलं. वेळ कमी होता. म्हणून माल बोटीवरून उतरला की थेट परळला आणायचा आणि त्याच दिवशी काम संपवायचं, असं तिने केलं. कडं उमटलं, पण अगदी साधं. गरम पाण्यात ठेवल्यावर तेही गेलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती माझ्या समोर येऊन बसली.

"मॅडम, मेलं ते. काहीच राहिलं नाही."

आमच्या धंद्यात मार्गदर्शकाकडे हत्यार म्हणावं असं एकच असतं. मी ते वापरलं. "आधीपेक्षा काय वेगळं केलंस?"

"काहीच नाही. तीच भांडी, तेच पाणी, तोच मासा. उलट आता तर माल जास्त ताजा..."

ती तिथेच थांबली. बाहेर ओंकार कुणाला तरी कोकमाचं सरबत आणि कोकमाचा अर्क यातला फरक सांगत होता, ते ऐकू येत होतं.

"शिळ्यात येतं," ती शेवटी म्हणाली. "ताज्यात येत नाही. म्हणजे ते माशाचं नाहीये."

"घाई करू नकोस. कसं सिद्ध करशील?"

पुढचे चार दिवस मी तिला जितकं झपाटून काम करताना पाहिलं, तितकं आधीही नाही आणि नंतरही नाही. सोयाबीनमध्ये एक पदार्थ असतो, तो प्राण्यांच्या पोटातल्या प्रोटीन कापणाऱ्या मुख्य एन्झाइमला घट्ट धरून बसतो आणि त्याचं काम बंद पाडतो. कच्चं सोयाबीन पोटाला त्रास देतं त्याचं हेही एक कारण. हर्षदाने तो पदार्थ ताज्या आतड्याच्या पाण्यात घातला: काम बंद. शिळ्यातल्या जबरदस्त पाण्यात घातला: काही फरक नाही, कडं पूर्वीइतकंच मोठं. मग तिने शिळ्या पाण्याचा थेंब जंतू वाढवण्याच्या बशीत पसरला. बशी जंतूंच्या ठिपक्यांनी भरून गेली. त्यातला एक ठिपका उचलून तिने वेगळा वाढवला, ज्यात माशाचा अंशही नव्हता, आणि त्याचं पाणी दुधाच्या बशीत टाकलं. तेच मोठं कडं. गरम पाण्यातही टिकणारं.

म्हणजे आम्ही दोन महिने ज्याचं कौतुक करत होतो ते माशाचं नव्हतंच. फ्रिजच्या थंडीतही आरामात वाढणारे काही जंतू असतात. आतड्यांमध्ये ते वाढत होते आणि हे एन्झाइम सोडत होते. दूधवाल्या कंपन्यांना या जातीच्या जंतूंचा त्रास पूर्वीपासून माहीत आहे: दूध तापवलं की जंतू मरतात, पण त्यांनी सोडलेलं एन्झाइम मागे राहतं आणि दूध बिघडवतं. त्यात नवीन काही नव्हतं. आणि जंतूंची एन्झाइम कपड्यांच्या पावडरीत कधीपासूनच वापरात आहेत.

"चार दिवसांनी अंतिम फेरी आहे," मी म्हटलं. "तुझं काय म्हणणं आहे?"

"नाव काढून घेऊ या, मॅडम." आणि मग जरा वेळाने, "फलकाचं काय करायचं?"

आम्ही दोघी प्राचार्यांकडे गेलो. ते वाईट गृहस्थ नव्हते. महाविद्यालयाचं नाव व्हावं असं त्यांना मनापासून वाटत होतं आणि तशी संधी आमच्यासारख्या ठिकाणी वारंवार येत नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हे सगळं स्पर्धा झाल्यावर सविस्तर तपासता येईल की," ते म्हणाले.

"सर, शीर्षकातच माशाचं एन्झाइम म्हटलंय," मी म्हटलं. "आणि स्पर्धेच्या नियमाप्रमाणे आता शीर्षक बदलता येत नाही. मी चौकशी केली."

"पण ते जंतू माशातच होते ना? मग माशाचं म्हणायला काय हरकत आहे?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधीच हर्षदा बोलली. "सर, मग दूध नासलं तर ते म्हशीने नासवलं असं म्हणावं लागेल."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"तुला कळतंय ना तू काय सोडतेयस?" त्यांनी तिला विचारलं. आवाज आता मऊ झाला होता. "तो कंपनीचा माणूस, पुढची ओळख. कुणाला काही कळणार नाही असं मी म्हणत नाही, पण आत्ता तरी कुणी विचारणार नाहीये."

"मला माहितीये, सर. पण मंचावर उभी राहून मी काय बोलू? मला आता ते खरं वाटत नाही."

त्यांनी उसासा टाकला आणि शिपायाला बोलावून फलक उतरवायला सांगितलं. नंतर बराच काळ ते माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत.

घरी काय झालं ते हर्षदाने मला नंतर सांगितलं. चंद्राताईंनी आधी विचारलं, "कोनी काढली तुझी चूक?"

"कोणी नाही. मीच काढली."

"म्हंजे तू गप ऱ्हायली असतीस तर कोनाला कललं नसतं?"

"बहुतेक नसतं."

चंद्राताईंनी साडी परत कपाटात ठेवली आणि दोन दिवस लेकीशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र डब्यात नेहमीप्रमाणे आतडी भरलेली होती, वर बर्फ घातलेला होता. त्यावर त्या एकच वाक्य बोलल्या: "ताजी हायेत. आजच काय ते कर."

हर्षदाला सगळंच सोडून द्यायचं होतं. सांगण्यासारखं उरलंय काय, असं तिचं म्हणणं. मी तिला ठामपणे सांगितलं की वर्षात पहिल्यांदाच आता तुझ्याकडे धड प्रश्न आला आहे. ताज्या आतड्यातलं एन्झाइम कसं आहे, शिळ्यातलं कसं आहे, आणि एकाची दुसऱ्यात गल्लत होऊ नये म्हणून काय तपासावं. माशांच्या आतड्यांवर काम करणारी ती काही एकटी नव्हती. ज्या खड्ड्यात आम्ही पडलो त्यात दुसरंही कुणी पडू शकतं. तिने उरलेल्या आठवड्यांत तेवढंच काम केलं, आणि नीट केलं. प्रबंधाचं शीर्षक लांबलचक आणि अजिबात आकर्षक नसलेलं झालं.

तोंडी परीक्षेला आलेले परीक्षक वयस्कर होते आणि कमी बोलत. सादरीकरण संपल्यावर त्यांनी प्रबंध मिटून बाजूला ठेवला.

"थोडक्यात, वर्षभरात तुम्हाला जे शोधायचं होतं ते सापडलं नाही."

"माशाचं एन्झाइम सापडलं, सर. ते साधं आहे. गरम पाण्यात टिकत नाही."

"आणि हे जंतू? ते समुद्रातच माशाच्या पोटात होते की तुमच्या डब्यात शिरले?"

मी मनातल्या मनात एक उत्तर तयार करत होते, तिने काय म्हणावं याचं. तिने ते म्हटलं नाही.

"सांगता येणार नाही," ती म्हणाली. "ताज्या आतड्यातही ते थोडे मिळाले. पण आमचा डबा, विळी, बर्फ, यातलं काहीच निर्जंतुक नव्हतं. ते तपासायचं तर बोटीवरच जाऊन निर्जंतुक हत्यारांनी मासा कापायला हवा. मी ते केलेलं नाही."

"का नाही केलं?"

"उशिरा सुचलं."

परीक्षकांनी मान हलवली आणि पुढे तासभर ते दोघं बोलत राहिले. बोटीवर काय करता येईल, बर्फ कुठून येतो, कोणत्या महिन्यात कोणता मासा. परीक्षा कधी संपली आणि गप्पा कधी सुरू झाल्या ते मला कळलं नाही. ओंकार दारात ताटकळत उभा होता, त्याचं सादरीकरण नंतर होतं.

निकालात ओंकार पहिला आला. त्याचं कोकम सुबक होतं, आलेख सरळ होते, आणि त्याने मेहनतही केली होती. हर्षदाला चांगली श्रेणी मिळाली, पण पहिली नाही. ती स्पर्धा दुसऱ्याच एका महाविद्यालयाने जिंकली. खरेपणाचं फळ लगेच मिळतं असं मी मुलांना कधी सांगितलं नाही आणि इथेही सांगणार नाही. पीएचडीच्या पहिल्या मुलाखतीत तिची निवड झाली नाही. वर्षभर तिने लालबागच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं कोलेस्टेरॉल मोजलं. मावशीची मुलगी ब्यांकेत लागल्याची आठवण घरी त्या वर्षी बऱ्याचदा निघाली असणार. दुसऱ्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला. मुलाखतीत एका बाईंनी विचारलं की तुझं सगळ्यात चांगलं काम कोणतं, आणि तिने सोयाबीनची गोष्ट सांगितली. तिची निवड झाली. संस्था लांब, दुसऱ्या राज्यात. विषय: थंडीत वाढणारे जंतू.

मी तोवर निवृत्त झाले होते. मला चौथ्या वर्षाच्या दोनच तुकड्या मिळाल्या, याची चुटपुट आहे. नोकरीच्या सुरुवातीला असं वर्ष असतं तर मी कदाचित वेगळी शिक्षिका झाले असते. अधिक चांगली झाले असते असंही म्हणेन; काम मला येत होतं, फक्त प्रश्न नवे नव्हते.

जाण्याआधी हर्षदा आईला घेऊन दादरला घरी आली. चंद्राताई पहिल्यांदाच येत होत्या. त्यांच्या अंगावर ती नवी साडी होती. मी कॉफी केली.

"किती वर्सं लागतील वो मॅडम?" त्यांनी विचारलं.

"पाच तरी. सहाही लागतील."

त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "तितं समुद्र हाय?"

"नाही, आई," हर्षदा म्हणाली.

"मग मासे कुठून आननार?"

"आता मासे नाहीत. नुसते जंतू."

"जंतू तर सगलीकडं मिलतात," चंद्राताई म्हणाल्या. "मग त्यांच्यासाठी एवढं लांब कशाला जायचं?"

मी यंत्रांबद्दल, मोठ्या प्रयोगशाळांबद्दल काहीतरी सांगायला सुरुवात केली, पण ते मलाच पुरेसं वाटेना. हर्षदाने आईच्या हातावर हात ठेवला. "तिथे विचारायला माणसं आहेत, आई."

"आनि ह्या?" चंद्राताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"ह्या आहेतच. फोनवर."

चंद्राताई कप खाली ठेवून माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "फोन उचलत जा वो तिचा."

उचलते. आठवड्यातून एकदा तरी येतो. बहुतेक वेळा काहीतरी जुळत नाही हे सांगायलाच ती फोन करते, आणि मी गॅस बंद करून, खुर्ची ओढून नीट बसते आणि सांगते, पहिल्यापासून सांग.